पडद्यावर प्रतिमा येत नाही, आणि आली तरी उत्तर चुकतं

दिवाळीची सुट्टी संपली की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते: "ताई, आमच्या शाळेतला आरसा खराब आहे." प्रयोग अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट असलेल्या, आरशाचं नाभीय अंतर काढायचा. आरसा खिडकीकडे तोंड करून ठेवायचा, त्याच्यासमोर पांढरा कागद पुढे-मागे करायचा, बाहेरच्या झाडाची स्पष्ट प्रतिमा मिळाली की आरशापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. सांगायला दोन ओळी, पण करायला बसलं की निम्म्या मुलांच्या कागदावर काहीच उमटत नाही आणि उरलेल्यांचं उत्तर दोन-अडीच सेंटिमीटरने जास्त येतं. नऊ वर्षं मी हे बघते आहे. आरसा खरोखरच खराब असल्याची शंका मला दोनदाच आली, त्या दोन्ही आरशांबद्दल शेवटी सांगते.

आधी शब्दांचा घोळ

बडोद्यातल्या आपल्या घरांमधली ही अडचण पुण्या-मुंबईच्या मुलांना येत नसणार. मुलं शाळेत गुजरातीत शिकतात, घरी आजोबा मराठीत समजावतात. 'अंतर्गोळ अरीसो' म्हणजे अंतर्वक्र आरसा, 'बहिर्गोळ' म्हणजे बहिर्वक्र, इथपर्यंत काही बिघडत नाही. पण आपण जिला नाभी म्हणतो तिला गुजराती पुस्तकात 'मुख्य केंद्र' म्हणतात, आणि नाभीय अंतराला 'केंद्रलंबाई'. वक्रताकेंद्र मात्र दोन्हीकडे वक्रताकेंद्रच. मग मुलाच्या डोक्यात दोन 'केंद्रं' एकमेकांवर चढतात.

आरसा ज्या पोकळ गोळ्याचा तुकडा आहे असं आपण मानतो, त्या गोळ्याचा मध्य म्हणजे वक्रताकेंद्र. नाभी त्याच्या आणि आरशाच्या बरोबर मध्ये. १५ हवं होतं आणि ३० आलं, असं उत्तर नेमकं दुप्पट असेल तर आरशाकडे बघूच नका. मुलाने वक्रता त्रिज्या, म्हणजे आरशापासून वक्रताकेंद्रापर्यंतचं अंतर, नाभीय अंतर म्हणून लिहिली आहे.

कागदावर काहीच दिसत नाही

हातातला आरसा अंतर्वक्रच आहे ना, हे आधी बघा. प्रयोगशाळेच्या डब्यात दोन्ही प्रकार एकत्र पडलेले असतात आणि मागून ते सारखेच दिसतात. आरसा तोंडाजवळ धरा. नाक मोठं दिसलं तर अंतर्वक्र, छोटं दिसून मागची भिंतही आत मावली तर बहिर्वक्र. बहिर्वक्र आरशावरून परतणारे किरण एकमेकांपासून लांब जातात, समोर कुठेही एकत्र येत नाहीत. दिवसभर कागद हलवला तरी त्यावर झाड उमटणार नाही.

आरसा बरोबर असेल तर पुढचा संशय खोलीतल्या उजेडावर. ट्यूबलाइट चालू ठेवून मुलं प्रतिमा शोधत बसतात. झाडाकडून आलेला आणि आरशाने गोळा केलेला प्रकाश अगदी थोडा असतो. कागदावर दिव्याचा उजेड पडला की तो त्यात बुडून जातो. दिवा बंद करा, प्रयोगाची एक खिडकी सोडून बाकीचे पडदे ओढा. बाहेर ऊन आणि आत अंधार, हे पाहिजेच.

मग कागद. वहीचं अख्खं पान आरशासमोर धरलं की झाडाचा प्रकाश आरशापर्यंत पोचणार कसा? पोस्टकार्डाची दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि आरसा किंचित बाजूला कलवा, म्हणजे येणारा प्रकाश पट्टीच्या शेजारून आत जाईल आणि परतलेला पट्टीवर पडेल. किंचितच हं. जास्त कलवलात तर प्रतिमा एका दिशेने ताणल्यासारखी पुसट होते.

आणि हात सावकाश चालवा. मुलं हातभर अंतरावरून सुरुवात करतात आणि दर खेपेला चार बोटं उडी मारतात. प्रतिमा स्पष्ट असण्याची जागा काही मिलिमीटरचीच असते, ती त्या उडीत ओलांडली जाते. आरशाजवळ पाच सेंटिमीटरवर पट्टी धरून हळूहळू बाहेर या. आधी नुसता उजळ डाग दिसेल, मग त्याला कडा येतील, मग एकाएकी पानं दिसतील.

प्रतिमा येते, पण आकडा चुकतो

गेल्या आठवड्यात एक मुलगी वही घेऊन आली. तीन निरीक्षणं: १७.५, १७.८, १७.६. रकाने सुबक आखलेले, सरासरी काढलेली, आणि शेजारी तिच्या बाईंनी लाल शाईने १५ लिहून त्याला गोल केलेला. ती म्हणाली, "तिन्ही वेळा जवळजवळ सारखं आलं ना ताई? मग चूक कशी?"

प्रश्न मला फार आवडला. तीन आकडे एकमेकांशी जुळले म्हणजे हात स्थिर होता आणि पट्टी नीट वाचली. आपण मोजलं काय, हे त्यातून कळत नाही. तिला म्हटलं, माझ्यासमोर कर. खिडकीपासून मीटरभर लांब टेबलावर तिने आरसा ठेवला, पट्टी हलवत आणली आणि एका जागी थांबली. "हे बघा, किती स्पष्ट!" खरंच स्पष्ट होतं. खिडकीच्या गजांचे चौकोन, एका गजावरचा उडालेला रंगसुद्धा. त्यांच्यामागचं कडुनिंबाचं झाड मात्र हिरव्या डागासारखं होतं.

तिने झाडाची नाही, गजांची प्रतिमा पकडली होती. सरळ रेघा डोळ्याला पटकन सापडतात, त्यामुळे दर वर्षी बहुतेक मुलं इथेच थांबतात. नाभीवर एकत्र येतात ते आरशावर समांतर पडणारे किरण. समांतर म्हणण्याइतके किरण फक्त खूप लांबच्या वस्तूकडून येतात. मीटरभरावरच्या गजाकडून निघालेले किरण आरशापर्यंत येतानाही पसरत असतात, म्हणून ते नाभीच्या थोडे पुढे जाऊन एकत्र येतात. किती पुढे ते सूत्र सांगतं. एक भागिले नाभीय अंतर, त्यातून एक भागिले वस्तूचं अंतर वजा केलं की एक भागिले प्रतिमेचं अंतर मिळतं: १/१५ मधून १/१०० वजा केले की १७/३०० उरतात, म्हणजे प्रतिमा ३०० भागिले १७, अर्थात १७.६ सेंटिमीटरवर. तिची सरासरी दशांशापर्यंत बरोबर होती, फक्त ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होती.

हेच गणित पुढे नेऊन बघा. वस्तू तीन मीटरवर असेल तर १५.८ येईल, दहा मीटरवर असेल तर १५.२. पन्नास मीटरच्या पुढे फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी उरतो आणि तो आपल्या पट्टीवर वाचताच येत नाही. पुस्तकात 'दूरची वस्तू' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा. अंगणातला जास्वंद दूर नाही. समोरच्या वाड्याची गॅलरीही नाही.

म्हणून मी त्यांना गच्चीवर नेते. आमच्या गच्चीवरून सूरसागर तलावातला महादेवाचा पुतळा दिसतो, अंदाजे चारशे मीटरवर. बुटांच्या खोक्याच्या आत टोकाला आरसा टेकवायचा, उघडं तोंड पुतळ्याकडे, मध्ये पोस्टकार्डाची पट्टी, आणि बाजूने बघायला एक फट कापायची. खोक्यामुळे भर उन्हातही आत अंधार मिळतो. त्या दिवशी साडेचारच्या उन्हात पट्टीवर महादेव उतरला: सोनेरी, हातातल्या त्रिशुळासकट, डोकं खाली आणि पाय वर. १११ फुटांचा पुतळा कागदावर सव्वा सेंटिमीटरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. तिच्या धाकट्या भावाने खोक्यातच हात जोडले. पट्टीवर अंतर आलं १५.१.

पुतळा उलटा का, हे तेव्हाच समजावून टाकावं, कारण समोर दिसत असतं. मस्तकाकडून येणारे किरण वरून तिरके खाली येतात आणि परततानाही खालीच जातात. पायांकडून येणारे तसेच वर जातात. ते कागदावर खरोखर येऊन पडतात, म्हणून ही वास्तव प्रतिमा.

इथे एक सक्त सूचना. लांबची वस्तू हवी म्हणून सूर्याकडे आरसा धरू देऊ नका. कागद पेटतो, आणि त्या बिंदूकडे बघणाऱ्या डोळ्याचं नुकसान भरून येत नाही.

कोणी दाढीचा मोठा आरसा घेऊन बसलं तर प्रतिमा कुठेच पूर्ण स्पष्ट होत नाही. गोलाकार आरशाच्या कडेवर पडलेले किरण मधल्या किरणांपेक्षा आरशाच्या जवळ एकत्र येतात, त्यामुळे सगळ्यांची गाठ एका जागी पडत नाही. काळ्या कागदाला मध्ये रुपयाएवढं भोक पाडून तो आरशावर लावा. प्रतिमा अंधूक होईल पण रेखीव होईल. आरशाचा आकार किती नेमका लागतो याचं मोठं उदाहरण म्हणजे १९९० मध्ये सोडलेली हबल दुर्बीण. तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका जास्त सपाट घासला गेला होता, आणि तेवढ्याने चित्रं पुसट आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले तेव्हा कुठे ती नीट बघू लागली.

मुळात प्रतिमा आरशावर नसते

वरच्या सगळ्या चुकांखाली मला एकच समजूत दिसते. मुलांना वाटतं, प्रतिमा आरशाच्या काचेवर चिकटलेली असते. ती जिथे किरण भेटतात तिथे असते, किंवा जिथून ते आल्यासारखे वाटतात तिथे. हे सूत्राने समजत नाही, टिकलीने समजतं.

आपल्याकडे मोरीच्या आरशावर एक तरी टिकली चिकटवलेली असतेच. तिच्यासमोर उभं राहा, एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या मागच्या भिंतीवरच्या बटणावर टिकली बरोबर झाकून येईल असं डोकं धरा. आता डोकं डावीकडे न्या. टिकली बटणावरून उजवीकडे सरकते. दोन्ही एकाच पातळीवर असती तर सरकली नसती. बटणाची प्रतिमा टिकलीच्या बरीच मागे आहे: बटण आरशासमोर दोन मीटर असेल तर काचेच्या मागे दोन मीटर. मग टिकलीच्या अगदी जवळ जाऊन तिच्याकडे निरखून बघा, स्वतःचा चेहरा पुसट होतो. चेहऱ्याकडे बघा, टिकली पुसट होते. डोळ्याला दोन वेगळी अंतरं धरावी लागतात. सपाट आरशाच्या मागे कागद धरला तर त्यावर मात्र काहीच मिळणार नाही, कारण किरण तिथे जातच नाहीत. ते फक्त तिथून आल्यासारखे भासतात.

याच टिकल्या घरातला एक जुना वाद मिटवतात. साडीचे काठ दिसत नाहीत म्हणून आई कपाटाच्या आरशापुढे मागे-मागे सरकते. सरकून उपयोग नसतो. आरशात डोकं दिसतं तिथे एक आणि पायाची बोटं दिसतात तिथे एक टिकली लावा, मग चार पावलं मागे जा. टिकल्या जिथल्या तिथेच बसतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईला ८० सेंटिमीटरचा आरसा पुरतो. डोळे जमिनीपासून १५० वर असतील तर वरची कड १५५ वर आणि खालची ७५ वर. तुमचा आरसा पुरेसा लांब असूनही पाय दिसत नसतील तर तो वर टांगला आहे, खिळा खाली घ्या.

सपाट आरशासमोर टाचण्या उभ्या करून प्रतिमेची जागा शोधायच्या प्रयोगात आरशाच्या मागचं अंतर दोन-तीन मिलिमीटरने चुकतं, त्याचं कारण काचेची जाडी. चकाकी काचेच्या मागच्या बाजूला असते आणि मुलं कागदावर रेघ मारतात पुढच्या कडेने. रेघ मागच्या कडेने मारा. काच प्रकाश वाकवते, त्यामुळे आरसा काचेच्या दोन-तृतीयांश जाडीवर असल्यासारखा वागतो आणि एखादा मिलिमीटर तरीही उरतो. तो राहू द्या. पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवलं की टोक आणि प्रतिमा यांच्यात जी फट दिसते ती याच काचेची. केरळातल्या आरन्मुळा आरशात ही फट दिसत नाही, कारण तो घासलेल्या धातूचा असतो आणि पुढच्या पृष्ठभागावरूनच परावर्तन होतं.

चिन्हं

यावर मी फार वेळ घालवत नाही. आरशापासून मोजायला सुरुवात करा, आरशाच्या समोरची अंतरं उणे, मागची अधिक. १५ च्या अंतर्वक्र आरशासमोर १० वर टाचणी: नाभीय अंतर उणे १५, वस्तू उणे १०. मग १/१० वजा १/१५, म्हणजे १/३०. प्रतिमा अधिक ३०, आरशाच्या मागे, तिप्पट मोठी आणि सुलट. अशी प्रतिमा कागदावर शोधणारी मुलंही दर वर्षी भेटतात. टाचणी नाभीच्या आत आली की कागद बाजूला ठेवा आणि आरशात बघा.

ॲक्टिव्हाच्या आरशात गाडी लांब का वाटते

ही तक्रार पालकांची. मागची रिक्षा आरशात लांब वाटली म्हणून वळले आणि ती अंगावरच आली. रावपुऱ्याच्या गर्दीत हे रोजचं आहे. बाजूचा आरसा बहिर्वक्र असतो, म्हणून त्यात रस्ता जास्त मावतो आणि प्रत्येक गोष्ट छोटी होते. समजा नाभीय अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि रिक्षा सहा मीटर मागे. तिची प्रतिमा आरशाच्या मागे फक्त ५४.५ सेंटिमीटरवर तयार होते, पण अकराव्या हिश्शाएवढी. आरसा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर धरला तर ती सपाट आरशात दिसली असती त्याच्या निम्मीच दिसते, आणि मन आकारावरून अंतर ठरवतं. सहा मीटरवरची रिक्षा बारा मीटरवर वाटते. म्हणून आरशात बघून रस्ता मोकळा वाटला तरी वळण्याआधी मान वळवून एकदा बघा.

मुलींना मी हे चणियाचोळीवर दाखवते. जुन्या पद्धतीचे आभले काचेचा मोठा गोळा फुगवून, त्याला आतून चकाकी देऊन, मग तो फोडून कापलेले असतात. प्रत्येक तुकड्यात गोळ्याचा बाक शिल्लक राहतो. नवरात्रातली आजीची चोळी काढा आणि एका आभल्यात बघा: नखाएवढ्या काचेत सगळी खोली सुलट आणि लहान दिसते. हल्लीच्या चपट्या चकत्यांत ती दिसत नाही.

आरसा खरंच बिघडलेला असेल तर

आता ते दोन आरसे. पहिल्याच्या पाठीवर १५ ची चिठ्ठी होती आणि वर्गातल्या सगळ्यांना २० येत होतं. सगळं तपासूनही आकडा हलत नव्हता, म्हणून दुसऱ्या रीतीने मोजलं. ही रीत रात्री घरीही करता येते. अंधारात मेणबत्ती लावा, तिच्या अगदी शेजारी, त्याच रेषेत पोस्टकार्ड उभं करा आणि आरसा पुढे-मागे करत ज्योतीची उलटी, तेवढ्याच उंचीची प्रतिमा कार्डावर आणा. तेव्हा ज्योत वक्रताकेंद्राशी असते. आरशापर्यंतचं अंतर मोजून निम्मं करा. आमचं आलं ४० चं निम्मं, २०. आरसा चांगला होता, कोणीतरी चिठ्ठ्या अदलाबदल करून चिकटवल्या होत्या.

दुसऱ्याची मागची चकाकी पावसाळ्यात ओल लागून अर्ध्याहून जास्त पोपडे धरून गेली होती. मुलांची खात्री होती की यात अर्धंच झाड दिसणार. पण झाडाच्या प्रत्येक पानाकडून प्रकाश आरशाच्या प्रत्येक ठिकाणी पडतो, त्यामुळे उरलेला तुकडाही अख्खं झाड दाखवतो, फक्त मंद. दिवे बंद करून, पडदे ओढून बघितलं. झाड पूर्ण आलं, आणि नाभीय अंतर बरोबर १५.